खोली वेगळी, बोअर एकच : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी एक वाक्य लिहिलं होतं, की कंटेनर (प्रोग्राम बाकीच्यांपासून वेगळा ठेवून चालवायची सोय) म्हणजे छोटं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातला दुसरा अख्खा संगणक, नाही आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे मशीन चालवणाऱ्या त्याच्या गाभ्यात, 'कंटेनर' नावाची वस्तूच नाही. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय.

आधी एकदाच सांगते, म्हणजे प्रत्येक उत्तरात परत परत सांगावं लागणार नाही. जुना वाडा डोळ्यासमोर आणा, चार भाडेकरू, प्रत्येकाची खोली वेगळी, एकाला दुसऱ्याच्या खोलीतलं दिसत नाही. ही भिंत म्हणजे नेमस्पेस. पण बोअर एकच आणि टाकीही एकच, मग कुणी किती पाणी घ्यायचं हे जे ठरतं ते सीग्रुप, म्हणजे कंट्रोल ग्रुप. भिंत बांधली म्हणून पाणी वाटलं जात नाही आणि पाणी वाटलं म्हणून भिंत उभी राहत नाही, दोन्ही कामं कर्नल वेगवेगळी करतं. डॉकर, पॉडमन, कुबरनेटिस ही साधनं दोन्ही एकदम लावून देतात आणि त्या जोडीला आपण कंटेनर म्हणतो. कायपण बिघडलं की पहिला प्रश्न हाच, हे दिसण्याचं दुखणं आहे का मिळण्याचं?

ताई, आमच्या लॅबला एकच लिनक्स सर्व्हर हाय, पन्नास-साठ पोरं त्यावरच लॉगिन करतात. एकानं लूपमदी चुकून फोर्क टाकलं, म्हंजे प्रोसेस नव्या प्रोसेस काढत सुटली, की सगळ्यांचंच टर्मिनल अडकतंय. सर म्हणले प्रोसेस ग्रुप मारा. मी किलला मायनस लावून ग्रुप मारला तरी अर्ध्या प्रोसेस जित्त्याच राहूलाल्यात. प्रोसेस ग्रुप अन् सीग्रुप एकच हाय का वेगळं? (लातूर, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी)

वेगळं, आणि नावातल्या 'ग्रुप'मुळं लई जणांचा गोंधळ होतो त्यामुळं तू विचारलंस ते बरं केलंस.

प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्राम. प्रोसेस ग्रुप ही जुन्या युनिक्सची गोष्ट आणि तिचा जन्म टर्मिनलसाठी झालाय. तू पाइप लावून तीन कमांड एकत्र चालवल्या तर शेल त्या तिघांना एका ग्रुपात टाकतं, म्हणजे कंट्रोल-सी दाबलं की सिग्नल तिघांनाही जातो. असे अनेक ग्रुप मिळून एक सेशन. बस, काम एवढंच, सिग्नल कुणाकुणाला जायचा ते ठरवणं. किती मेमरी खाल्ली, किती सीपीयू वापरला, याचा हिशोब तिथं कुणी ठेवत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे ह्या ग्रुपातून प्रोसेस स्वतःच्या मर्जीनं निघून जाते, सेटसिड ही सिस्टिम कॉल मारली की नवं सेशन, नवा ग्रुप, कुणाला विचारायची गरज नाही. दिंडीसारखं आहे बघ ते, चालता चालता माणूस ह्या दिंडीतून त्या दिंडीत जातो, कोण अडवणार? तुझ्या अर्ध्या प्रोसेस जित्त्या राहिल्या त्या अशाच, त्यांनी आधीच दिंडी बदलली होती.

सीग्रुप म्हणजे रेशनकार्ड. पोर जन्माला आलं की आईबापाच्या कार्डावर नाव चढतं, म्हणजे फोर्क झालं की चाइल्ड प्रोसेस आपोआप पेरेंटच्याच सीग्रुपात जाते, आणि धान्य माणसागणिक न मोजता कार्डागणिक मोजलं जातं. सेटसिड मारा नाहीतर दोनदा फोर्क करून बापाचं नावच पुसून टाका, कार्ड बदलत नाही. कार्ड बदलायचं तर सीग्रुप डॉट प्रॉक्स ह्या फाइलमध्ये प्रोसेसचा नंबर लिहावा लागतो आणि तिथं लिहायची परवानगी सामान्य युजरला नसते. लिनक्समधल्या सर्व्हिस चालू-बंद करणारं सिस्टिमडी २०१० मध्ये आलं तेव्हापासून ते सर्व्हिसचा माग ह्याच गोष्टीवर ठेवतं, कारण पळून गेलेली प्रोसेस हुडकायचा दुसरा भरवशाचा रस्ता नव्हता.

आता तुमच्या लॅबचं. सिस्टिमडी प्रत्येक लॉगिन केलेल्या युजरला आपोआप एक स्लाइस देतं, म्हणजे सीग्रुप आधीच आहे, त्याची मर्यादा तेवढी फार सैल आहे. सरांना सांग, ईटीसी-सिस्टिमडी-सिस्टिममध्ये 'युजर-डॅश डॉट स्लाइस डॉट डी' नावाचं फोल्डर करायचं, त्यात एक कॉन्फ फाइल, स्लाइस सेक्शनखाली टास्क्समॅक्स २००, मेमरीमॅक्स २ जीबी असं काहीतरी मशीन बघून लिहायचं. मग कुणी फोर्कचा बॉम्ब टाकला तर त्याचे २०० पूर्ण होतात आणि पुढचा फोर्क नकार घेऊन परत येतो, बाकीच्या पोरांना पत्ताही लागत नाही. ह्याच्या मागं प्रोसेसची संख्या मोजणारा कर्नलचा पिड्स कंट्रोलर आहे, तो २०१५ मध्ये कर्नलच्या ४.३ आवृत्तीत आला.

आणि मारायचंच असलं तर कर्नल ५.१४ पासून प्रत्येक सीग्रुपात 'सीग्रुप डॉट किल' फाइल असते, तिच्यात १ लिहिला की आतलं सगळं एका झटक्यात जातं, मारता मारता नवीन जन्माला आलेल्या प्रोसेससकट. एकेक नंबर शोधून मारत बसलं तर फोर्क बॉम्ब नेहमी तुझ्या पुढंच राहणार.

मॅडम, मोंढ्यातल्या आडत दुकानांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर आहे आमचं, जावामधलं, जुनंच आहे, डॉकरमध्ये चालवतो. सोयाबीनची आवक वाढली की संध्याकाळच्या रिपोर्टला कंटेनर बंद पडतो, कोड १३७. कंटेनरमध्ये शिरून फ्री कमांड मारली तर १६ जीबीमधली ९ मोकळी दाखवते. मेमरी आहे तर मरतोय कामून? (नांदेड)

ह्या एका प्रश्नात सगळा विषय आलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१३७ म्हणजे १२८ अधिक ९. नऊ नंबरचा सिग्नल म्हणजे सिगकिल, बाहेरून कुणीतरी मारलंय, प्रोग्राम आपणहून बंद झालेला नाही. मारणारं बहुतेक वेळा कर्नलच असतं. खात्री करायची तर होस्टवर, म्हणजे कंटेनर ज्यावर चालतो त्या मशीनवर, डीमेसेज ही कर्नलचे निरोप दाखवणारी कमांड मारून बघा. 'मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी' अशी ओळ असली तर त्या कंटेनरचा कोटा संपला, आणि नुसतं 'आउट ऑफ मेमरी' असलं तर अख्ख्या मशीनची मेमरी संपली. दोन्हीचा इलाज वेगळा, म्हणून ही ओळ वाचल्याशिवाय कशालाच हात लावू नका.

आता फ्री ९ जीबी का दाखवतंय. फ्री आपला आकडा प्रॉक-मेमइन्फो ह्या फाइलमधून घेतं आणि त्या फाइलला नेमस्पेस नाही. म्हणजे खोलीला भिंत आहे पण गच्चीवरच्या टाकीचा काटा सगळ्यांना तोच दिसतो, टाकी अर्धी भरलेली दिसते आणि तुमच्या वाट्याच्या दोन घागरी कधीच संपलेल्या असतात. खरा आकडा बघायचा तर कंटेनरच्या आतून सिस-एफएस-सीग्रुपमधल्या मेमरी डॉट मॅक्स आणि मेमरी डॉट करंट ह्या दोन फाइल वाचा, आणि मेमरी डॉट इव्हेंट्समध्ये ओओएम किलचा, म्हणजे मेमरी संपली म्हणून मारलेल्यांचा, आकडा किती वाढलाय तेही. टॉपचंही तसंच, मेमरीच्या बाबतीत ते होस्टचाच आकडा सांगणार.

जावाचं दुखणं इथूनच सुरू होतं. जावा स्वतःची हीप, म्हणजे प्रोग्रामचा डेटा ठेवायची मेमरी, ठरवताना 'मशीनच्या मेमरीचा चौथा भाग' असा हिशोब लावतं. तुमचं जुनं जावा ८ असणार, त्यातलं अपडेट १९१ च्या आधीचं असेल तर त्याला हा कोटा कळतच नाही, ते १६ चा चौथा भाग म्हणजे ४ जीबी धरून चालतं, आणि कंटेनरला तुम्ही दिलेले असतील समजा २ जीबी. दिवसभर काम थोडं म्हणून निभतं, संध्याकाळी रिपोर्टला हीप फुगते आणि कोटा ओलांडायच्या क्षणी कर्नल उचलून फेकतं. जावा १० पासून आणि ८ च्या त्या अपडेटपासून जावा सीग्रुप बघून हिशोब करतं. तुमचा सर्व्हर सीग्रुप व्ही२ वर, म्हणजे सीग्रुपच्या नव्या घडणीवर, असेल तर मात्र त्याहूनही नवं अपडेट लागेल, कारण व्ही२ समजायला जावाला आणखी वेळ लागला. म्हणून पहिलं काम अपडेट, दुसरं काम हीपची कमाल मर्यादा हातानं लिहून देणं, आणि ती कंटेनरच्या कोट्याएवढी न ठेवता बरीच खाली ठेवायची, कारण हीपशिवाय थ्रेडचे स्टॅक, क्लासची माहिती, बफर हे सगळं त्याच कोट्यात बसवायचं असतं.

आणखी एक, कोट्यात काय काय मोजलं जातं ते माहीत नसतं लोकांना. फाइल वाचल्या-लिहिल्यावर जो पेज कॅश तयार होतो तोही मोजतात, पण त्याची भीती नाही, मर्यादा आली की कर्नल आधी तो झाडून काढतं. टीएमपीएफएस मात्र मोजलं जातं आणि झाडता येत नाही. मी स्वतः एका ठिकाणी बॅकअपच्या कंटेनरला ५१२ एमबी दिले होते आणि रोज रात्री तो मरायचा. तीन रात्री मी फाइली एकत्र बांधणाऱ्या टार कमांडच्या मागं लागले होते, लॉग वाचले, ऑप्शन बदलले, आणि चौथ्या दिवशी लक्षात आलं की तात्पुरती फाइल जिथं लिहीत होते ती जागा टीएमपीएफएस होती, म्हणजे डिस्कवर लिहितेय असं वाटत होतं आणि लिहीत होते मेमरीत. त्या तीन दिवसांचा बॅकअप कुठंच नव्हता, आजही आठवलं की पोटात गोळा येतो. तुम्हीही रिपोर्टची पीडीएफ कुठं तयार होते ते एकदा बघून घ्या.

शेवटचं, मॅक्सच्या जोडीला मेमरी डॉट हाय नावाची फाइल असते. ती ओलांडली तर कर्नल मारत नाही, प्रोसेसला हळू करतं आणि मेमरी परत घ्यायच्या मागं लागतं. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, त्याच्या कितीतरी आधी नळाच्या पाण्यातलं अंतर वाढत गेलं होतं ते आठवतंय ना, तसं हाय म्हणजे अंतर वाढवणं आणि मॅक्स म्हणजे नळच बंद. हाय थोडी खाली लावून ठेवली तर मरायच्या आधी रिपोर्ट मंदावतो आणि तुम्हाला हालचाल करायला वेळ मिळतो.

डॉकर स्टॉप केलं की बरोबर दहा सेकंद अडकतंय आणि मगच बंद होतंय. नोडचं ॲप आहे. प्रत्येक वेळी दहाच सेकंद कसे? (परभणी)

दहा सेकंद डॉकरची मुदत आहे. स्टॉप म्हटलं की ते आधी सिगटर्म पाठवतं, म्हणजे नमस्कार करून 'निघा आता' म्हणणं, आणि दहा सेकंदांत कुणी हललं नाही तर सिगकिल. तुमचं ॲप तो पहिला नमस्कार ऐकतच नाहीये.

का ऐकत नाही ते मात्र समजून घेण्यासारखं आहे. पिड म्हणजे प्रोसेसचा नंबर, आणि पिड नेमस्पेसमध्ये पहिली जी प्रोसेस जन्माला येते तिचा नंबर १. बाहेर होस्टवर तिचाच नंबर समजा २३४१८ असतो, म्हणजे एकाच प्रोसेसला दोन नंबर, घरात पिंट्या आणि शाळेत पूर्ण नाव असतं तसं. प्रॉकमधल्या तिच्या स्टेटस फाइलीत एनएसपिड म्हणून ओळ असते, तिथं दोन्ही नंबर शेजारी शेजारी दिसतात. आणि नंबर १ ला कर्नल घरातल्या कर्त्याचा मान देतं, ज्या सिग्नलसाठी त्यानं स्वतः हँडलर, म्हणजे सिग्नल आल्यावर काय करायचं तो कोड, लिहिलेला नाही तो सिग्नल त्याला लागतच नाही. साध्या प्रोसेसला सिगटर्म आला आणि हँडलर नसला तर ती मरते, नंबर १ ला आला तर काहीच होत नाही. बाहेरच्या नेमस्पेसमधून आलेले सिगकिल आणि सिगस्टॉप तेवढे चुकत नाहीत.

मानासोबत जबाबदारीही येते. पोरकी झालेली प्रत्येक प्रोसेस नंबर १ च्या पदरात पडते आणि ती मेल्यावर तिची नोंद पुसायचं काम त्याचंच, नाहीतर झोंबी साठत जातात. आणि नंबर १ गेला की त्या नेमस्पेसमधल्या सगळ्यांना कर्नल मारून टाकतं. तुमचं नोडचं ॲप हे सगळं करायला लिहिलेलं नाही.

आता इलाज. डॉकरफाइलमध्ये सीएमडी साध्या वाक्यासारखी लिहिली असेल तर नंबर १ बहुतेक शेल असतं, तुमचं ॲप त्याचं चाइल्ड, आणि शेल सिग्नल पुढं देत नाही. ती चौकटी कंसातल्या यादीसारखी लिहा, सुरुवातीची स्क्रिप्ट असेल तर शेवटच्या ओळीत एक्झेक लावा, ॲपमध्ये सिगटर्मचा हँडलर लिहा आणि त्यात डेटाबेसचं कनेक्शन नीट बंद करा. घाई असेल तर रन करताना डॅश-डॅश-इनिट लावा, टिनी नावाचा छोटा प्रोग्राम नंबर १ होतो आणि ही सगळी कामं तो करतो. पण हँडलर लिहाच, दहाव्या सेकंदाला मारलं गेलेलं ॲप अर्धवट लिहिलेली ओळ तशीच टाकून जातं.

एमआयडीसीतल्या कारखान्यात सेन्सरचा डॅशबोर्ड चालतो आमचा. कंटेनरला अर्धा सीपीयू दिलाय. सर्व्हरवर टॉप बघितलं तर ६० टक्के सीपीयू रिकामा, तरी डॅशबोर्ड मधूनच गचके खातो. रिकामा सीपीयू असताना त्याला मिळत कसा नाही? (जालना)

कारण तुम्ही त्याला पाळी दिलीय, वाटा नाही दिलेला.

सीपीयू डॉट मॅक्समध्ये दोन आकडे असतात. अर्धा सीपीयू म्हणजे ५०००० आणि १०००००, दोन्ही मायक्रोसेकंद, दर १०० मिलिसेकंदांत ५० मिलिसेकंद चालायचं. जायकवाडीच्या डाव्या कालव्याची पाळी असते ना अंबड-घनसावंगीकडं, आपले तास संपले की दारं बंद, मग चारीत पाणी वाहत असलं तरी ते आपलं नाही. तसंच हे. आणि डॅशबोर्डला चार थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी चार कामं, असतील तर चारही एकदम चार कोअरवर चालून तो ५० मिलिसेकंदांचा कोटा साडेबारा मिलिसेकंदांतच संपवतात, उरलेले साडेसत्त्याऐंशी सगळे गप उभे. सरासरी काढली तर बरोबर अर्धा सीपीयूच दिसतो, म्हणून ग्राफवर काहीच चुकीचं वाटत नाही आणि वापरणाऱ्याला मात्र गचका जाणवतो.

सीपीयू डॉट स्टॅट फाइल उघडा, एनआर थ्रॉटल्डचा आकडा भराभर वाढत असला तर दुखणं हेच. मग एकतर कोटा वाढवा, नाहीतर थ्रेड कमी करा. थ्रेडचं लक्षात ठेवा, बरेच प्रोग्राम कोअर मोजून तेवढे थ्रेड काढतात आणि कोअर मोजणारी एनप्रॉकसारखी साधनं सीपीयू डॉट मॅक्सचा कोटा बघतीलच असं नाही, १६ कोअरचं मशीन असलं तर १६ थ्रेड काढून बसतात.

माझं मत विचाराल तर सगळी सॉफ्टवेअरं आपलीच असताना मॅक्स लावूच नका, सीपीयू डॉट वेट लावा. ते १ ते १०००० मध्ये असतं, मुळात १००. वेट म्हणजे भांडणाच्या वेळचा हिस्सा, दोघांनाही हवंय तेव्हा प्रमाणात वाटून द्यायचं आणि एकाला नको असलं तर दुसऱ्यानं सगळं घ्यावं. पाळी लावायची ती पैसे मोजून भाड्यानं दिलेल्या मशीनवर, किंवा कुणाचा भरवसाच नसेल तिथं.

कंटेनरच्या आत तारीख बदलून टेस्टिंग करता येतं का? मार्च एंडचा रिपोर्ट तपासायचाय. (छत्रपती संभाजीनगर)

नाही. टाइम नेमस्पेस आहे, २०२० मध्ये ५.६ ला आला, पण तो मशीन चालू झाल्यापासूनचं मोजणाऱ्या घड्याळांपुरता आहे, भिंतीवरच्या घड्याळाला नेमस्पेस नाही. कंटेनरला जास्तीचे अधिकार देऊन आत तारीख बदललीत तर ती अख्ख्या मशीनची बदलेल, शेजारच्या सगळ्या कंटेनरसकट, चुकूनही करू नका. प्रोग्रामलाच खोटी तारीख सांगणारी फेकटाइम लायब्ररी मिळते, ती वापरा.

मी कॉलेजात शिकवतो. पोरं कंटेनरमध्ये सर्रास रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, म्हणून काम करतात आणि म्हणतात 'सर, आतलं रूट वेगळं असतं'. खरंच वेगळं असतं का? (बीड)

सर, पोरांना सांगा की वेगळं करता येतं, पण आपोआप वेगळं नसतं.

डॉकर नेहमीसारखं बसवलं तर युजर नेमस्पेस लावलेला नसतो, म्हणजे आतला युजर शून्य हा बाहेरचाही शून्यच. त्याचे बरेच अधिकार काढून घेतलेले असतात, काही सिस्टिम कॉल अडवलेले असतात, त्यामुळं तो लुळा रूट असतो, पण असतो रूटच. पोरांपैकी कुणी होस्टचं एखादं फोल्डर आत जोडून दिलं तर त्या फोल्डरवर तो खरा रूट म्हणून लिहितो. हे वर्गात करून दाखवा, आत फाइल तयार करायची आणि बाहेर येऊन तिचा मालक बघायचा, पोरांच्या लगेच डोक्यात बसतं.

युजर नेमस्पेस लावला की आतला शून्य बाहेर समजा १००००० होतो, आतला १ बाहेर १००००१, अशी ६५५३६ नंबरांची पट्टी ईटीसीमधल्या सबयूआयडी फाइलमध्ये लिहिलेली असते. आत राजा, बाहेर कुणीच नाही. हे २०१३ च्या फेब्रुवारीत ३.८ ला वापरण्याजोगं झालं, आणि पॉडमन साध्या युजरनं चालवलं तर युजर नेमस्पेसच वापरतं, फक्त तिथं आतला शून्य म्हणजे बाहेरचा तो साधा युजरच. कॉलेजच्या लॅबमध्ये मी तरी रूटलेस पॉडमनच लावीन.

पण वाड्याचा पाया एकच आहे हे विसरायचं नाही. सगळ्या खोल्या एकाच कर्नलवर उभ्या आहेत, कर्नलमध्ये भोक पडलं तर भिंतींचा उपयोग नाही. २०२२ मध्ये सीग्रुप व्ही१ च्या रिलीज एजंट ह्या सोयीत अशीच चूक सापडली, अधिकार तपासायचाच राहिला होता आणि काही परिस्थितीत आतला माणूस बाहेर येऊन होस्टवर कमांड चालवू शकत होता. म्हणून अनोळखी माणसाचा कोड चालवायचा असेल तर पूर्ण व्हर्च्युअल मशीनच द्यावं, आणि कर्नलचे अपडेट थांबवू नयेत.

नेटवर सीग्रुपचे धडे वाचून करायला गेलो तर सांगितलेल्या फाइलीच सापडेनात. मेमरी डॉट लिमिट इन बाइट्स कुठं गेली? (धाराशिव)

तुम्ही व्ही१ चे धडे वाचताय आणि मशीन व्ही२ वर आहे. लिमिट इन बाइट्सचं आता मेमरी डॉट मॅक्स झालंय, सीपीयू डॉट शेअर्सचं सीपीयू डॉट वेट, सीएफएस कोटाचं सीपीयू डॉट मॅक्स.

नुसती नावं बदलली नाहीत, घडणच बदलली. हे काम २००६ मध्ये गूगलमध्ये पॉल मेनाज आणि रोहित सेठ ह्यांनी सुरू केलं, तेव्हा नाव होतं प्रोसेस कंटेनर्स. कंटेनर ह्या शब्दाचे कर्नलमध्ये आणखीही अर्थ लागत होते म्हणून २००७ मध्ये कंट्रोल ग्रुप्स केलं आणि जानेवारी २००८ मध्ये २.६.२४ मध्ये ते आलं. त्यात मेमरीचं झाड वेगळं, सीपीयूचं वेगळं, डिस्कचं वेगळं, आणि एकच प्रोसेस प्रत्येक झाडावर वेगळ्या फांदीवर बसू शकायची. ऐकायला सोयीचं, पण फाइल लिहिताना आधी मेमरीत जाते आणि मग सावकाश डिस्कवर उतरते, तेव्हा ती नेमकी कुणाच्या खात्यावर टाकायची हे मेमरी आणि डिस्कवाल्यांना आपसात ठरवताच यायचं नाही, कारण दोघांची झाडंच वेगळी. त्यामुळं डिस्कची मर्यादा अशा लिखाणाला नीट लागायचीच नाही.

टेजुन हिओ ह्यांनी हे सगळं एका झाडावर आणलं, ते व्ही२, मार्च २०१६ मध्ये ४.५ ला. सीपीयूचा कंट्रोलर यायला मात्र २०१८ चा ४.१५ उजाडला, म्हणून लोकही सावकाश आले, लिनक्सच्या वाणांपैकी फेडोरा ३१ नं २०१९ मध्ये, डेबियन ११ नं २०२१ मध्ये व्ही२ आधीपासून लावून दिलं. एक नियम तुम्हाला नक्की नडेल, ज्या फांदीनं खालच्या फांद्यांना मेमरीसारखे कंट्रोलर वाटून दिलेत तिच्यावर स्वतः प्रोसेस बसू शकत नाही, प्रोसेस टोकाच्या पानावरच. झाडाच्या मुळाशी असलेल्या सीग्रुपाला तेवढी सूट. 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' असा एरर आला तर बहुतेक हेच कारण.

डॉकर न वापरता हे सगळं हातानं करून बघता येतं का, ताई? माझ्याकडं जुना लॅपटॉप आहे, उबुंटू आहे. (हिंगोली, बीएस्सी)

येतं, आणि करच, ह्यासारखं दुसरं शिक्षण नाही. मशीन तुझं स्वतःचं आहे तर बिनधास्त कर.

अनशेअर नावाची कमांड तुझ्याकडं आहेच. सुडो अनशेअर, पुढं डॅश-डॅश-पिड, डॅश-डॅश-फोर्क, डॅश-डॅश-माउंट-प्रॉक, डॅश-डॅश-यूटीएस आणि शेवटी बॅश. आत गेलीस की पीएस मार, बॅशचा नंबर १ दिसेल आणि बाहेरचं काहीच दिसणार नाही. होस्टनेम बदलून बघ, दुसऱ्या टर्मिनलवर जुनंच नाव राहील. यूटीएस लावायला विसरलीस तर मात्र खऱ्या मशीनचं नाव बदलेल. मग आतच फ्री मार, लॅपटॉपची पूर्ण मेमरी दिसेल, नांदेडच्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या डोळ्यासमोर.

आता मुद्दाम चुका कर. माउंट-प्रॉक काढून परत चालव. पीएस बाहेरच्या सगळ्या प्रोसेस दाखवायला लागेल, कारण पीएस बिचारं प्रॉक फोल्डर वाचतं आणि ते अजून जुनंच जोडलेलं आहे. म्हणजे पिडची भिंत बांधली आणि माउंटची खिडकी उघडी राहिली. मग फोर्क काढून बघ. बॅश सुरू होईल पण थोड्याच वेळात कुठलीही कमांड दिली की 'कॅनॉट अलोकेट मेमरी' म्हणेल, मेमरी भरपूर असताना. अनशेअर स्वतः नव्या पिड नेमस्पेसमध्ये जात नाही, त्याचं पहिलं चाइल्ड जातं, आणि ते चाइल्ड नंबर १ होऊन काम संपवून मेलं की त्या घरात नवा जन्मच होत नाही. एरर मेमरीचा आणि दुखणं कर्ता गेल्याचं.

खोली बघून झाली की पाणी. रूट होऊन सिस-एफएस-सीग्रुपमध्ये एक फोल्डर तयार कर, साधं एमकेडिर, फाइली कर्नल आपोआप घालून देतं. त्यात मेमरी डॉट मॅक्समध्ये ५० एमबी लिही, स्वॅप असेल तर मेमरी डॉट स्वॅप डॉट मॅक्समध्ये शून्य, आणि सीग्रुप डॉट प्रॉक्समध्ये तुझ्या शेलचा नंबर. मग पायथनमध्ये मोठी स्ट्रिंग तयार कर आणि काय होतं ते डीमेसेजमध्ये वाच.

झालं की परत अनशेअरच्या आत जा, स्लीप १००० मागं अँपरसँड लावून सोडून दे आणि एक्झिट टाइप कर. नेहमीच्या शेलमधून बाहेर पडलीस तर असा स्लीप मागं चालू राहतो. इथं दुसऱ्या टर्मिनलवर पीएसमध्ये शोधशील तर तो सापडणार नाही, नंबर १ गेला तेव्हाच कर्नलनं त्यालाही नेलेलं असेल.